कुलूपवाला फोन आणि काकूंची हिंदी

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं. मी मराठी टायपिंगच्या क्लासला बसलेय. समोर सरावाचा उतारा लावलाय, कुठल्याशा सरकारी पत्राचा, आणि मी तो टाइप करतच नाहीये. सर पलीकडच्या मशीनची रिबन बदलतायत, त्यांना वाटतंय मी आज सुसाट सुटलेय. सुटलेच आहे. कारण आज सकाळी लाइनमन आमचा जुना काळा डायलचा फोन काढून घेऊन गेला, बटणांचा नवा बसवून गेला, आणि ड्रॉवर आवरताना आईला ते छोटं कुलूप सापडलं. ताईनं ते हातात घेतलं आणि हसायलाच लागली. मग आई आत गेल्यावर मला इतकी वर्षं अर्धंच माहीत असलेलं सगळं तिनं सांगून टाकलं. वर म्हणाली, "तुझ्या पोटात राहणार नाही, माहितेय मला. लिही. नावं नको टाकूस फक्त."

तर कुलूप. अंबरनाथला आमच्या बिल्डिंगमध्ये पहिला फोन आमच्याकडे आला. बाबा कंपनीत ऑफिसर, त्यामुळे नंबर लागला. मग काय, सगळी बिल्डिंग आमच्या हॉलमध्ये. कोणाचा भाऊ नाशिकला, कोणाची नणंद साताऱ्याला. एक बिल आलं आणि बाबांनी कुलूप आणलं. बोटभर. डायलच्या भोकात अडकवायचं, की डायल फिरतच नाही. आलेला फोन घेता येतो, आपण लावू शकत नाही. चावी बाबांच्या खिशात.

आता गंमत ऐका. ताई उल्हासनगरला कॉलेजला जायची. तिची मैत्रीण तिथल्याच कॅम्प तीनची, सिंधी, तिच्या पप्पांचा जीन्स शिवायचा कारखाना, त्यांच्याही फोनला कुलूप. त्या मैत्रिणीनं ताईला शिकवलं. रिसीव्हर उचलायचा आणि तो ठेवतो तिथलं बटण पटापट दाबायचं. जितका आकडा तितक्या वेळा. टक टक टक, म्हणजे तीन. जरा थांबायचं, पुढचा आकडा. शून्याला दहा वेळा. डायलला हातसुद्धा न लावता फोन लागतो. मला वाटलं जादूच आहे. आई बाजारात गेली की आम्ही दोघी टकटक करत बसायचो. ताई लावणार आणि मी डोळे मिटून ओळखणार, कुठला नंबर. मी त्यात एकदम उस्ताद झाले होते. हे लक्षात ठेवा.

त्याच सुमाराला एक डॉक्टरबाई आमच्या बिल्डिंगच्या हळदीकुंकवाला आल्या. सरकारी दवाखान्यातल्या. वाण लुटून झाल्यावर म्हणाल्या, पाचच मिनिटं बोलते. त्यांनी वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक फोन ठेवला होता. ज्याला जीव नकोसा झालाय त्यानं तिथे फोन करायचा. पलीकडचा माणूस ऐकणार, नाव विचारणार नाही, कोणाला सांगणार नाही.

"डासांची फवारणी करतो, पोलिओचा डोस पाजतो," त्या म्हणाल्या, "तसंच हे. आरोग्याचंच काम आहे. निकालाच्या दिवसांत तर हवंच. मला फोनवर बसायला बायका पाहिजेत. चार दिवस शिकवीन."

शेजारच्या काकूंनी लगेच हात वर केला. आणि सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कारण काकू म्हणजे काकू. कोणाच्या घरी कुठली भाजी करपली हे करपायच्या आधी काकू सांगणार.

"तिच्याजवळ दुःख सांगायचं म्हणजे रेडिओवर सांगायचं," आई रात्री जेवताना म्हणाली.

"आणि मुळात लोकांकडे फोन आहेत कुठे?" बाबा म्हणाले. "ज्यांच्याकडे आहेत त्यांना कसलं आलंय दुःख?"

ताई भात चिवडत होती. बारावी सायन्सची परीक्षा व्हायची होती.

काकूंचे चार दिवस शिकून झाले, नंबराचे स्टिकर आले, तेव्हा ते चिकटवायला आम्ही पोरं. मी सगळ्यात पुढे. बुवापाड्याच्या नळाजवळच्या भिंतीवर, बदलापूरला मामाच्या बिल्डिंगच्या जिन्यात, कॅम्प तीनच्या शेअर रिक्षांच्या आत. एक रिक्षावाला म्हणाला, "ए छोटी, ये किसका ॲड है?" मी म्हटलं, "दुःखी लोगों का." तो म्हणाला, "फिर तो मीटर के ऊपर लगा." इतके स्टिकर लावले की तो नंबर मला झोपेत पाठ. शेवटचा आकडा शून्य.

बारावीचा निकाल लागला तो सोमवार. आई बदलापूरला मामाकडे, बाबा कंपनीत. ताई दुपारी कॉलेजातून आली. मी विचारलं, किती पडले? म्हणाली, "मार्कशीट उद्या मिळणार. तू जा ना खाली खेळायला." तिचा चेहरा असा होता की मी खाली गेलेच नाही. ती मोरीत तोंड धुवायला गेली तेवढ्यात चप्पल घातली, दार आपटलं, आणि चप्पल काढून हळूच स्वयंपाकघरात. मग तिनं हॉलमध्ये येऊन मधलं दार लावलं आणि आतून कडी घातली.

आणि मग टक टक टक.

मला वाटलं मैत्रिणीला लावतेय. सवयीनं मी मोजायला लागले. दुसरा आकडा. तिसरा. चौथ्याला कळलं. स्टिकरवरचा नंबर.

खरं सांगते, तोपर्यंत मला तो नंबर म्हणजे एक मजा होती. दुःखी लोक म्हणजे कोणीतरी लांबचे. आणि इथे माझी ताई, कडी लावून.

शून्याला ती चुकली. नऊच टक झाले, मी मोजले ना. पलीकडे कोणीतरी उचलला आणि ताई म्हणाली, "नहीं नहीं, माल नहीं चाहिए. राँग नंबर." आज कळलं, तो कॅम्प तीनचा कपड्याचा दुकानदार होता, विचारत होता किती पीस पाहिजेत. मग बराच वेळ काहीच नाही. मी दाराला पाठ लावून बसले होते. मनात एकच, लाव, परत लाव, लाव ना गं. दार वाजवायला हात उचलला होता, एवढ्यात परत टक टक सुरू. या वेळी हळू. दहाच्या दहा.

आणि तेव्हा मला आठवलं. सोमवार. सकाळी काकू डबा घेऊन जिना उतरल्या होत्या. "आज माझी ड्युटी गं."

म्हणजे ताई जिवाचं सांगणार, आणि सांगणार कोणाला, तर रेडिओला.

आतून ताईचा आवाज आला, "हॅलो." मग एकदम शांत. तिनंही काकूंचा आवाज ओळखला होता. मला वाटलं संपलं, ठेवणार ही फोन. पण ताई म्हणाली, "हाँ जी, मैं... उल्हासनगर से बोल रही हूँ."

हिंदीत. आवाज जाड करून.

पलीकडचं मला तेव्हा ऐकू येत नव्हतं. ते आज ताईनं सांगितलं, काकूंच्या आवाजात, आणि आम्ही दोघी हसून हसून रडलो. काकूंची हिंदी म्हणजे भाजीवाल्याशी भांडण्यापुरती. पण उल्हासनगरची मुलगी म्हटल्यावर बिचाऱ्या त्यातच शिरल्या. "बोलो बेटी. मैं इधरच बैठी है. कितना भी टाइम लगने दो."

ताई म्हणाली, मैं फेल हो गई. काकू म्हणाल्या, "अच्छा. फिर?" फिर काय, ताईला पुढचं बोलताच येईना. तेव्हा काकूंनी विचारलं, "मेरे को सीधा बोलो. तुमको मरने का मनात आता है क्या? मैं रागावणार नहीं."

ताई म्हणते, त्या 'रागावणार नहीं'ला तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच रडू. दिवसभर जे तोंडातून निघत नव्हतं ते निघालं. मी दाराबाहेरून एवढंच ऐकलं, "हाँ. आता है."

"बहुत अच्छा किया बोला," काकू म्हणाल्या. "घर में कौन है अभी?"

"छोटी बहन है. दरवाजे के पीछे बैठी है. उसको लगता है मेरे को माहीत नहीं."

'माहीत' म्हणाली. सिंधी मुलगी. काकूंनी ऐकलं नसेल असं होऊच शकत नाही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "फिर उसको अंदर लो ना बाबा. दोनों मिल के कुछ खाओ. माँ आएगी तब तक मैं फोन रखेगी नहीं."

कडी निघाली. ताई रिसीव्हर कानाला लावून उभी, डोळे सुजलेले. "ये आत, डिटेक्टिव," म्हणाली. मी तिच्या कमरेला जी मिठी मारली ती सोडलीच नाही. डब्यातला चिवडा आणला, आम्ही जमिनीवर बसून खाल्ला, रिसीव्हर आमच्या दोघींच्या मध्ये. त्यातून काकूंचा आवाज यायचा, "खाया? पानी पिया?" ताई "हाँ जी, हाँ जी" करत होती.

आई आली तेव्हा ताई फोनमध्ये म्हणाली, "माँ आ गई," आणि ठेवला. मग तिनं सगळं सांगितलं. नापास. मनात काय काय आलं. फोन कुठे केला. आई पिशव्यांसकट खालीच बसली.

"नापास झालीस तर झालीस," ती म्हणाली. "मला आधी सांगायचंस ना गं." मग एकदम, "अगं, पण आज तिथे..." आणि शेजारच्या भिंतीकडे बघितलं. मग पिशव्या बाजूला सारल्या. "जाऊ दे. बोलू दे तिला गावभर. तू आहेस ना इथे, मग झालं."

बाबांना संध्याकाळी कळलं. आणि पहिलं काय विचारलं असेल? "कुलूप असताना लावलास कसा?" ताईनं टकटक करून दाखवलं. बाबा इंजिनिअर, ते वाकून बघायला लागले, "म्हणजे पल्स जातात, बरोबर, बरोबर," आणि बोलता बोलताच सरळ उभे राहिले. खिशातून चावी काढली, कुलूप काढलं, ड्रॉवरमध्ये टाकलं. परत कधी लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू विरजण मागायला आल्या. काकू कोथिंबिरीवर बोलल्या, तळमजल्यावरच्या नव्या सुनेवर बोलल्या, पाण्याच्या टाकीवर बोलल्या. आईच्यानं राहवेना. "काल ड्युटी कशी झाली?"

"तिथलं तिथे राहतं बाई," काकू म्हणाल्या. "विरजण जरा आंबट दे."

बस. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, ताई ऑक्टोबरला पास झाली तेव्हा नाही, लॅबमध्ये नोकरीला लागली तेव्हा पेढा खातानाही नाही. बाकी सगळ्या बिल्डिंगचं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. हे सोडून.

आज दुपारी त्या नवा फोन बघायला आल्या. ताईला आज काय सुचलं कोण जाणे, तोच जाड आवाज काढून म्हणाली, "काकू जी, चाय लेंगे क्या?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी. काकूंनी फोनची बटणं दाबून बघितली, एकेक करून. वर न बघता म्हणाल्या, "अर्धाच कप. साखर कमी." आणि मग ताईच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, जाता जाता फिरवतात तसा.

ओळखलं होतं की नाही, सांगा बरं. ताई म्हणते विचारायचं नाही. मला तर आत्ता पळत जाऊन विचारावंसं वाटतंय, आणि सर इकडेच यायला लागलेत.

तुमच्या फोनला होतं का असं कुलूप? तुम्हीही टकटक केलीत का कधी? आणि तुमचंही असं काही कोणी ऐकून घेतलंय का, ज्यानं ते आजपर्यंत कोणालाच सांगितलं नाही, अगदी तुम्हालासुद्धा?