दोनशे रुपयांचं पापलेट

आमच्या घरात रविवारचे मासे आईच्या पैशाचे असत. वडील गिरणीत होते. त्यांच्या मागे आईला महिन्याला हजार रुपये पेन्शन मिळायची, आणि त्या हजाराचे कधी अकराशे झाले नाहीत. किराणा, भाजी, लाइटबिल माझ्या पगारातून. मासे मात्र तिचे. सकाळी ती उशीखालून शंभराच्या दोन नोटा काढून माझ्या हातावर ठेवी, आणि तेवढ्यापुरती ती पुन्हा घरची कर्ती होई.

बाथरूममध्ये पडून तिच्या खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती खाटेवरच होती. आमची भांडुपची इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पडायच्या आदल्या रविवारी ती स्वतः बाजारात गेली होती आणि कोळणीशी अर्धा तास घासाघीस करून दोनशे रुपयांत दोन पापलेटं घेऊन आली होती. तिच्या लेखी भाव तोच राहिला. नजर अधू झाल्यामुळे टीव्ही तिला दिसत नसे, आणि बातम्यांवर तिचा तसाही विश्वास नव्हता.

मासे कापून आणायचे नाहीत, हा तिचा नियम. आख्खे आणायचे आणि परातीत घालून तिच्यापुढे धरायचे. ती पोट दाबून बघे, कल्ला उचलून नाक लावी. तिनं मान हलवली की मगच विळी काढायची. त्यामुळे लहान किंवा शिळा मासा तिच्या गळी उतरवणं शक्यच नव्हतं.

पहिल्यांदा भाव वाढला तेव्हा मी खरं सांगितलं होतं. चाळीस रुपये जास्त पडले होते. तिनं मुकाट्यानं चाळीस काढून दिले आणि त्या महिन्यात मशेरी मागवलीच नाही. विचारलं तर म्हणाली, हिरड्या दुखतात. मला ते बघवेना. पुढच्या रविवारपासून मी दोनशेच सांगू लागलो, वरचे माझ्या खिशातून. कधीकधी तर दहा रुपये परत आणून देई आणि सांगे, तुझं नाव घेतलं म्हणून कोळणीनं सोडले. आई खूश होई. मी स्वतःवर त्याहून खूश. एवढा शहाणपणा अंगाशी येईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दोनशेचे चारशे झाले, मग सहाशे, मग हजाराच्या वर. माझा पगार काही त्या वेगानं पळाला नाही. बायको म्हणायची, आता सांगून टाका एकदाचं. मी म्हणायचो, सांगू पुढच्या रविवारी.

मग कांजूरमार्गला मी ज्या छापखान्यात होतो, तो बंद पडला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोण विचारतो? अर्ध्या पगारावर एका गोदामात लागलो. आईला यातलं काही कळू दिलं नाही. त्या रविवारी फक्त तिचे दोनशे घेऊन बाजारात गेलो. पापलेटाच्या पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. दोनशेत बांगडे आले, मोजून चार.

आईनं परातीत हात घातला आणि लगेच ओळखलं. पापलेट आलंच नव्हतं, मी म्हणालो. तिनं तळहात पुढे केला. उरलेले पैसे हवे होते तिला. तिच्या हिशेबानं चार बांगडे म्हणजे फार तर चाळीस रुपये. खिशातून कुठेतरी पडले, असं सांगितलं. पुढच्या रविवारी दुसरं काहीतरी सांगितलं. तिसऱ्या रविवारी कारणच सुचेना, तेव्हा तिच्यावरच खेकसलो, की दर वेळी काय हिशेब मागतेस. तिनं हात मागे घेतला तो कायमचा. त्यानंतर दोन नोटा देताना ती तोंड भिंतीकडे वळवी.

वर्षानुवर्षं पदरचे पैसे घातले आणि शेवटी चोर मीच ठरलो. खरं सांगतो, मला तिचा राग यायचा.

एके दुपारी बायको बाहेर गेलेली बघून मी आईच्या खाटेवर जाऊन बसलो. म्हटलं, आज सगळे भाव सांगायचे आणि मोकळं व्हायचं. पण माझ्या आधी तीच बोलली.

"झीला, माझ्या पैशातले तू खातंस. माका कळला."

मी काही बोलायच्या आत तिनं उशीखालून कापडी पिशवी काढली. त्यात बाराशे रुपये होते. स्वतःच्या दिवसकार्यासाठी तिनं ते जमवून ठेवले होते, मुलावर भार नको म्हणून. ती पिशवी तिनं माझ्या मांडीवर ठेवली.

"अडचण आसतली म्हणान खालंस. माका सांगलं असतंस तर मी दिलं असतंय. ह्येच्यात दोन म्हयने घर चलात. सुनेक सांगू नको."

एका वाक्यात माझ्यावरचा आळ गेला असता. पण मग तिला हेही कळलं असतं की त्या बाराशेत भटजीची दक्षिणासुद्धा भागणार नाही, आणि इतकी वर्षं रविवारचे मासे ती आम्हाला खाऊ घालत नव्हती. द्यायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"चुकला माझा, आये," मी म्हणालो.

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला रडू आवरेना. तिला वाटलं, पश्चात्ताप झाला.

दुसऱ्याच दिवशी गॅसचा सिलिंडर आला. बाराशेतले बरेचसे त्यातच गेले, राहिलेले दूध-भाजीत दोन दिवसांत संपले. आई मात्र रोज संध्याकाळी बायकोची चाहूल घेऊन हळूच विचारी, "पुरतत मां?" आणि मी सांगे, अजून आहेत. दीड महिन्यानं ती गेली. आदल्या संध्याकाळीही तिनं विचारलं होतं, आणि मी म्हणालो होतो, आहेत अजून, बरेच उरलेत.