वाचून दाखवलेलं पान

सानपाड्याच्या महिला मंडळात अरुणाबाई सहा वर्षं लोकांचे संसार सांधत होत्या. दुसऱ्यांची दुखणी ऐकून कानच नाही, अख्खा माणूस थकतो, हे आधी कुणी सांगत नाही. येईल तिला त्या म्हणत, "इथलं इथंच राहील." आणि सगळं वहीत लिहून ठेवत.

उज्वला साताऱ्याकडची, नवरा रणजीत मार्केटात माथाडी. मार खाऊन ती यायची. एकदा तिने सांगितलं, की लेकीला कडेवर घेऊन ती गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली होती. मग भानावर येऊन जिना उतरली, ती थेट इथेच आली. अरुणाबाईंनी तेही लिहिलं.

पुढे दोन्हीकडची माणसं बैठकीला बसली. सासरे बाबासो म्हणाले, "मारहाणीचं समदं काल रचलंया हिनं." अरुणाबाईंचं डोकं फिरलं. उज्वलेला न विचारताच त्यांनी वही उघडली आणि दोन वर्षांपूर्वीची तारीख, पाठीवरचे वळ, सगळं खणखणीत वाचलं. बाबासोंचं म्हणणं खोटं पडलं, पण वही आहे हे रणजीतला कळलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! लेकीच्या ताब्यासाठी तो कोर्टात गेला, तेव्हा वहीसकट हजर राहण्याचं समन्स अरुणाबाईंना आलं.

गच्चीचं पान उघडलं तर उज्वलेची लेक जाणार, या धास्तीने त्यांना दोन रात्री झोप नव्हती. ठाण्याच्या कोर्टात त्यांनी हात जोडले. "साहेब, मी शब्द दिलाय तिला."

"अशिलाचं गुपित राखायचं संरक्षण वकिलाला आहे, बाई," न्यायाधीश शांतपणे म्हणाले. "तुम्हाला कायद्याने दिलेलं नाही."

वही द्यावी लागली. दोन्ही वकिलांनी ते पान वाचलं, आणि निकालाआधीच रणजीतच्या माणसांनी ते गावभर केलं. न्यायाधीशांनी जिना उतरल्याचंही वाचलं आणि मुलगी आईकडेच ठेवली.

बाहेर अरुणाबाई लगबगीने उज्वलेजवळ गेल्या.

"पोरगी ऱ्हायली, बाई," उज्वला म्हणाली. "पर गावात आता समदी म्हनत्यात, लेकीला माराया निघालेली. तुमास्नी सांगितलं, तितकंच चुकलं माजं."

तेव्हापासून अरुणाबाई पेन उचलायच्या आधीच सांगू लागल्या, "कोर्टाने मागितलं तर मला हे द्यावं लागेल."

परवा ओठ फुटलेली एक बाई हे ऐकून उठलीच. "काय नाय हो, पायरीवरून पडले," म्हणाली आणि चपला घालू लागली.

अरुणाबाईंना तिला थांबवायचं होतं. पण थांबवून सांगणार काय होत्या?