औषधासाठी बर्फ

कॉलेजातून निवृत्त होऊन सर पनवेलला आले आणि घरामागच्या खोलीत जीवाणू वाढवत बसले, तेव्हा गावाने त्यांना वेड्यात काढलं. मी त्यांचा मदतनीस, म्हणून मलाही. मग आषाढात स्टोव्हचा भडका उडून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, कमरेखाली भाजल्या.

जखमांवर मेलेल्या कातडीचा जाड थर बसला. तो सुटेना आणि खाली पू धरू लागला. डॉक्टरांनी हात टेकले. अशी कातडी जीवाणूंच्या एन्झाइमने विरघळवून पाहताहेत, असं सरांनी परदेशी मासिकात वाचलं होतं, आणि आमचे जीवाणू तसलंच एन्झाइम बनवत होते. ते फक्त शुद्ध करायचं होतं. हे ‘फक्त’ सरांचं. मला पहिल्यापासून लक्षण ठीक दिसत नव्हतं.

जीवाणूंच्या गाळलेल्या पाण्यात अमोनियम सल्फेट टाकलं की एन्झाइम तळाशी बसतं. तो साका सेलोफेनच्या पिशवीत भरून बर्फाच्या पाण्यात सोडायचा, म्हणजे त्यातला क्षार निघून जातो. पाणी कोमट झालं की एन्झाइम मेलं. फ्रीज आमच्याकडे कुठला? मी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचो, सायकलवर, गोणपाटात भुसा घालून. परीक्षा डॉक्टरांच्या जुन्या एक्स-रे फिल्मवर. तिच्यावरचा काळा थर जिलेटिनचा, म्हणजे कातडीसारखाच प्रथिनाचा; तो विरघळला तर एन्झाइम जिवंत.

साक्याच्या थेंबाखाली फिल्म स्वच्छ झाली, तेव्हा सर ती काकूंना दाखवून आले. मला त्यांचा संताप आला. अजून पिशवीचं काम पुरं व्हायचं होतं. बाईला आशा लावायची एवढी घाई कशाला?

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या समुद्रावर निघाल्या. कारखान्यातल्या माणसाने मला दारातच थांबवलं. "आता बरफ पयला होड्यांना. तुमाला नाय मिलायचा." औषधाचं सांगून पाहिलं. मासळी सडली तर आख्खा कोळीवाडा उपाशी राहील, असं तो शांतपणे म्हणाला. त्याचं खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडलो.

बर्फाऐवजी पिशवीभोवती विहिरीचं गार पाणी बदलत बसलो. काही उपयोग झाला नाही. फिल्म काळीच राहिली. सरांनी तरीही ते मेलेलं एन्झाइम गॉजवर घालून जखमांवर ठेवलं. काकूंनी मला विचारलं, "निघेल ना रे हे?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

काकू त्याच आठवड्यात गेल्या. मुलगा नागपूरहून यायचा होता, तोवर त्यांना ठेवणं भाग होतं. मी पुन्हा कारखान्यावर गेलो आणि घरात मयत झालंय एवढंच सांगितलं. त्याच माणसाने होडीसाठी काढलेल्या लाद्या थांबवल्या आणि स्वतः हातगाडीवर चढवून दिल्या. मयताला बर्फ नाही म्हणायची तिथे रीतच नव्हती.

लाद्या आम्ही काकूंच्या अंगाभोवती रचल्या. सर कोपऱ्यात उभे राहून बघत होते.

"एवढा बर्फ होता," ते म्हणाले.