फोडायचा डोळा

नाजिमाबाई शेख यांनी सत्तावीस वर्षांत पुण्यातल्या लोकांना सहाशेच्या वर कृत्रिम डोळे करून दिले होते, पण फोडण्यासाठी म्हणून एकही नाही. त्यामुळे हिंजवडीतल्या कंपनीत नोकरी करणारा सूरज भवानी पेठेतल्या त्यांच्या खोलीत येऊन म्हणाला, "काकू, एक डोळा हवाय, क्लोज-अपमध्ये फोडायचाय," तेव्हा त्यांनी चष्मासुद्धा वर केला नाही.

"फोडायचा असेल तर नारळ घे. स्वस्त पडेल."

सूरज हलला नाही. शनिवार-रविवारी तो एक सिनेमा काढत होता, 'काळ्या हातमोज्याचे सात खून'. पन्नास वर्षांपूर्वी इटलीत स्वस्तात निघालेल्या भयपटांवर त्याचा भारी जीव. त्यात म्हणे खून फार देखणे असत, रक्त कुंकवासारखं लालभडक आणि खोल्या विनाकारण निळ्या-जांभळ्या. त्या लोकांना हा मानाचा मुजरा होता. मुजऱ्यासाठी साखरेच्या पाकात रंग घालून पाच लिटर रक्त तयार होतं आणि त्याला मुंग्याही लागल्या होत्या. डोळा तेवढा राहिला होता.

बाईंनी त्याला हाकलून द्यायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं, "जिचा डोळा फुटायचाय त्या मुलीला घेऊन ये. फोटोवरून मी करत नाही."

का हो म्हटलं, हे त्या कोणाला सांगणार नव्हत्या. वर्षभरापासून त्यांच्या मनात एक भुंगा शिरला होता. ट्यूबलाइटभोवती कडं दिसायचं. ओढणी आणि सलवार एका रंगाची वाटायची आणि मिसबा, त्यांची मुलगी, कपाळावर हात मारायची. "अम्मी, मोतीबिंदू आहे. वीस मिनिटांचं ऑपरेशन," ती रोज सांगायची. बाई रोज "बघू" म्हणायच्या. खरं म्हणजे त्यांची पाचावर धारण बसायची. ज्यांची ऑपरेशनं नीट होतात ती माणसं डोळे करणारीकडे कशाला येतील? सत्तावीस वर्षं त्यांच्यासमोर येऊन बसली ती बिघडलेलीच. त्यामुळे ऑपरेशन म्हटलं की बाईंना रिकामी खोबणच दिसायची. डोळ्यांच्या बाबतीत इतकी शहाणी बाई इतकी वेडी असू शकते, याचं मिसबाला नवल वाटे. मला वाटत नाही.

आणि आता हा डोळा कोणी घालणार नव्हता. चुकला तर कोणाचं काही बिघडणार नव्हतं. आपली नजर अजून शाबूत आहे की नाही, हे गुपचूप बघून घ्यायला याहून बरी संधी कुठे मिळणार?

सूरजच्या ऑफिसातली तनुजा सिनेमात मरायची होती. ती येऊन खिडकीशी बसली. बाईंची पद्धत ठरलेली. माणूस समोर हवा आणि उजेड दिवसाचा हवा. आधी बुबुळाची चकती, मग पांढरा भाग, मग लाल रेशमाचा धागा विंचरून एकेक तंतू शिरेसारखा बसवायचा. पांढरा काही नुसता पांढरा नसतो, कोणाचा दुधाळ, कोणाचा निळसर. मिसबाने मध्यंतरी रंगांची पट्टी मागवून दिली होती, ताडून बघायला. ती अजून पाकिटातच होती. "पट्टीवरून पडद्याचं कापड निवडतात," असं म्हणून बाईंनी ती कपाटावर टाकली होती.

त्या दिवशी तीन वेळा पांढरा पुसून पुन्हा लावला. तनुजा कंटाळून म्हणाली, "काकू, तो तर दोन सेकंदांत फुटणारे!"

"दोन सेकंद तर दोन सेकंद. हलू नकोस."

डोळा सूरजच्या हाती गेला आणि बाईंची झोप उडाली. हातातलं काम टाकून उगाच खिडकीशी जायचं, बोटं पुसायची, परत बसायचं. दोनदा सूरजला फोन केला. तो म्हणायचा, एडिट चालू आहे, काकू. बाईंना ते दिवस निकालाच्या आधीच्या दिवसांसारखे वाटत होते आणि स्वतःचाच राग येत होता.

पाच आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी अकराला, हिंजवडीतल्या सूरजच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पडदे ओढून सिनेमा दाखवला. तीसेक पोरं जमली होती. पहिले चार खून बाईंनी हातातली पिशवी घट्ट धरून काढले. पाचव्याला काळा हातमोजा आला, त्यात काचेचा तुकडा. समोर तनुजाचा भेदरलेला डोळा, मग कट, आणि बाईंचा डोळा. काच आत शिरली. पोरं किंचाळली, मग टाळ्या वाजवायला लागली.

सिनेमा संपताच सूरज धावत आला. "काकू, तुम्ही जिनियस आहात! तो पांढऱ्यातला पिवळा! हळद लावल्यासारखा! शूटच्या गडबडीत कळलाच नव्हता, एडिटला बसलो तेव्हा अंगावर काटा आला. खऱ्यावरून खोट्यावर गेलो की माणूस हादरतोच. एकदम इटालियन!"

"पुन्हा दाखव," बाई म्हणाल्या.

त्याने तनुजाचा खरा डोळा आणि बाईंनी केलेला डोळा पडद्यावर शेजारी शेजारी थांबवले. बाईंनी चष्मा पुसला, पुढे गेल्या, मागे आल्या. दोन्ही सारखेच पांढरे होते.

"पिवळा कोणता गं?" त्यांनी तनुजाला विचारलं.

काकू गंमत करतायत असं वाटून तनुजा हसली आणि तिने डावीकडे बोट दाखवलं.

समोसे न खाताच बाई निघाल्या. वर्षभरात त्यांनी चौदा डोळे दिले होते, आणि ते चौदाही कोणाच्या ना कोणाच्या चेहऱ्यावर होते. त्यांतलाच एक खराडीतल्या सर्जेरावांचा. तोडणीच्या वेळी उसाचं पान लागून त्यांचा डोळा गेला होता. हिंजवडी ते खराडी म्हणजे अख्खं पुणं आडवं कापायचं. दोन बस आणि एक रिक्षा झाली, आणि प्रत्येक सिग्नलला बाईंना उतरून चालत सुटावंसं वाटत होतं.

सर्जेराव आपल्या इमारतीखाली खुर्ची टाकून बसले होते. वर खोल्यांत आयटीतली भाडेकरू पोरं, खाली मालक. बाईंना पाहून ते उठलेच.

"बाई, तुमी? आन् इतक्या लांब?"

"डोळा पिवळा आहे का, सर्जेराव?"

"छ्या! झकास हाय डोळा."

"खरं सांगा."

त्यांनी हाताने तो डोळा झाकला. मग म्हणाले, "पयल्या दिशीच आरशात दिसलं. पर तुमी यवढ्या खूश व्हता. म्हनलं, कशाला बोलायचं? लोक इच्यारत्यात, कावीळ झालीया का? मी म्हनतो, व्हय, झालीया."

"सहा महिने हेच सांगताय?"

"सात."

नाजिमाबाईंना रडू फुटलं. एका परक्या माणसाने आपल्या हाताची लाज सात महिने स्वतःच्या तोंडावर वागवली होती. त्या रस्त्यातच उभ्या होत्या आणि लोक बघत होते.

"मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू आहे. ऑपरेशनची भीती वाटते."

हे त्यांनी मिसबालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

सर्जेरावांनी खुर्ची पुढे केली. "बसा आदी. कवा करायचं त्ये ठरवा, मी येतो संगट. मंग माझा नवा करा. तवर कावीळ हाय म्हनून सांगतो की."

बाई बसल्या आणि त्यांनी मिसबाला फोन लावला.