प्रश्न चौथा : कोणत्या भाषा यायला हव्यात?

"मीरा-भाईंदरला कुणी फिरायला जातं का?" बायकोने विचारलं. मी चाललो होतो नोकरी पक्की करायला. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात संगणकाचा नवा डिप्लोमा निघत होता. विद्यापीठाचं म्हणणं, आपली पोरं नोकरीला मुंबईकडे जातात, तर अभ्यासक्रम तिथल्या मालकांना विचारून करा. त्यांना कसला माणूस हवा ते लिहून आणा. तीन सह्या-शिक्के मिळाले तर कोर्स मंजूर. कोर्स मंजूर झाला की मी, तासांवर शिकवणारा संपत सर, कायम होण्याची आशा.

एसटीने बोरिवली, तिथून बसने काशीमीरा. उतरताना दोन्हीकडे बघा, ट्रक तुमच्याकडे बघत नाहीत. नाक्यावर वडापाव गरम मिळतो. तिथल्या एका गोदामाच्या मॅनेजरने उभ्यानेच फॉर्म भरला. चौथा प्रश्न होता, 'कोणत्या भाषा यायला हव्यात?' मला अपेक्षा सी, जावा, गेला बाजार व्हिज्युअल बेसिक. त्याने लिहिलं, हिंदी आणि गुजराती.

"अहो, कॉम्प्युटरची भाषा विचारलीये."

"आमचा कॉम्प्युटर कुठे बोलतोय?" म्हणाला, आणि शिक्का मारला.

हाटकेशला शेअर रिक्षा मिळते, चौथी सीट मात्र ड्रायव्हरच्या मांडीवर धरा. तिथल्या बाटल्यांच्या बुचांच्या कारखान्यात ऑफिस सांभाळणाऱ्या बाई राजापूरच्या निघाल्या. चहा पाजला, चौथ्या प्रश्नाला 'गुजराती' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. "गाववाले म्हणून सांगते सर, 'शेठ बाहेर गेलेत' हे गुजरातीत सांगता आलं पाहिजे. जावाचं बघू नंतर."

दुसऱ्या दिवशी नवघरजवळ स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. आता मी प्रश्नात पेनाने 'संगणकाच्या' असा शब्द घातला होता. शेठने विचार करून लिहिलं, 'गुजराती, कॉम्प्युटरवर टाईप केलेली.' माणूस दिलदार. निघताना एक वाटी काढली, नावं घालणाऱ्या कारागिराकडे दिली. "लिखवा देता हूँ सर, गेट पे कोई रोकेगा नहीं." वाटीवर गुजराती अक्षरं उमटली. स आणि प ओळखू आले. माझं नाव बघून मला भरून आलं.

कोर्स मंजूर झाला. तिन्ही मालकांचं एकमत म्हणून समितीने गुजराती सक्तीची केली, जावा पर्यायी. आणि कायम जागेसाठी अट घातली, उमेदवाराला गुजराती लिहिता यावी.

महिनाभर वाटी समोर ठेवून मी नाव गिरवलं. मुलाखतीत फळ्यावर झोकात लिहिलं. परीक्षक म्हणून बाजारातले एक गुजराती किराणा व्यापारी बसवले होते. ते चष्मा वर करून म्हणाले, "सर, हे संपत नाही. सॅम्पल लिहिलंय तुम्ही."

जागा त्यांनाच मिळाली. मी अजून तासांवर आहे, जावा शिकवतो, वर्गात चार मुलं असतात. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही जाणार असाल तर भाईंदरहून भांडी जरूर आणा. आमची वाटी अजून लखलखीत आहे, रोज चटणीला काढतो.

कॉलेजातली पोरं मात्र आता मला संपत सर म्हणत नाहीत.