नारळांवर शिकलेली नॉर्वेजियन

आमची मुलगी नर्स. नॉर्वेतल्या एका इस्पितळात तिची नोकरी जवळजवळ ठरली होती, पण आधी तिथल्या भाषेची तोंडी परीक्षा पास व्हायला हवी होती. मी आयुष्यभर मराठी शिकवलेला, शिवाय आमच्या नंदाखाल गावातल्या चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेवेळी बायबलचं वाचन करणारा माणूस. म्हटलं, उच्चार माझ्यावर सोड.

त्या भाषेत दोन-तीन शब्द चिकटवून एकच लांबलचक शब्द करतात. इस्पितळ म्हणजे 'सिकेहूस', आजाऱ्यांचं घर. समास दिसल्यावर माझे हात शिवशिवले. प्रत्येक शब्दाचे पेन्सिलने तुकडे पाडले आणि तिला आम्हा वाचकांची रीत शिकवली: अक्षर न् अक्षर शेवटच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे.

तिला ऑनलाइन शिकवणाऱ्या बाईंनी ते वाचन ऐकलं आणि विचारलं, "तू घोषणा का करतेयस?" पहिल्या भागावर जोर द्यायचा, दुसऱ्यावर थोडा, बाकीचं सैल सोडायचं, असं त्यांचं म्हणणं. मला राग आला. दोन दिवस मी घरात त्या बाईंचं नाव काढू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पडवीत नारळ सोलत होतो आणि ती शेजारी घोकत बसली होती. पहारीवर नारळ जोरात आपटायचा, मग जरा पिळायचा, की वरच्या काथ्याचं सोडण सुटतं. तिचे शब्द माझ्या हाताबरोबर चालायला लागले. 'सि'वर आपट, 'हूस'ला पीळ. मी दम खायला थांबलो, तर म्हणाली, "पप्पा, थांबू नका ना."

बाई चुकीच्या नव्हत्या, हे मला मुकाट्याने गिळावं लागलं.

आठवड्याभरात घरातले नारळ संपले. मग शेजारीण आपले घेऊन आली. आयते सोलून मिळत होते, कोण सोडतंय? बायको म्हणाली, "परीक्षा लांबली तर अख्ख्या गावाचे सोलत बसाल."

परीक्षा लांबली नाही. निकालाचा मेल आला, मुलगी पास झाली. बायकोने तिला मिठी मारली, शेजारणीने साखर आणली. मलाही आनंद झाला, पण पुढच्या महिन्यात ती जाणार होती.

"पप्पा, तुम्ही खूश नाही का?"

"खूश आहे गं," मी म्हणालो. "पण इतकं नीट शिकवायला नको होतं."

ती हसली. मग माझा हात मांडीवर घेऊन तळव्यावरचे फोड बघत बसली.