कोरडी पूजा

पार्ल्याचा पूल मागे पडला तरी शुभाची मान खालीच होती. शेजारून रेवतीताई अनवाणी चालत होती. अंधेरी एमआयडीसीतल्या लॅबमध्ये दिवसभर बूट घालावेच लागतात, म्हणून नवरात्रात ती गेटबाहेर येऊन बूट पिशवीत टाकायची आणि वाकोल्याच्या घरापर्यंत पायी जायची. आज खंडेनवमी. त्याच कंपनीत अकाउंट्स बघणारी शुभा आज चपला काढून तिच्यासोबत निघाली होती.

"पाय भाजतायत का गं?" रेवतीताईनं विचारलं.

"पाय कसले, तोंड भाजलं असतं आज. डोळे गेले असते, ताई."

"मग काय, शेठनं नवा अकाउंटंट आणला असता. पगार वेळेवर निघाला असता, सगळे खूश!"

शुभा हसली, दुपारपासून पहिल्यांदाच.

दरवर्षी लॅबमधल्या काचेच्या भांड्यांची पूजा रेवतीताईच करायची. आज दुपारी मात्र ऐन वेळी तिची रसायनाची बॅच अडली होती, म्हणून ताम्हन शुभानं उचललं. घरी करतो तसं फूल पाण्यात बुडवून ती शिंपडत निघाली. वजनकाट्यावर, चंबूंवर, आणि रेवतीताईनं नुकतंच बूच काढलेल्या बाटलीकडे. आत पाण्यासारखंच नितळ अॅक्रिलॉइल क्लोराइड. रेवतीताईनं झटकन हातमोज्यातला पंजा मध्ये घातला. थेंब पंजावर पडले. दारातून शेठ ओरडला, "बस्स! पुढच्या वर्षापासून लॅबमध्ये पूजा बंद!"

"एवढं काय असतं गं त्यात?" शुभानं आता विचारलं.

"पाणी लागलं की तडतडतं, अॅसिडचा धूर सोडतं. नुसत्या वासानं डोळ्यांना धारा लागतात. भारी अधीर आहे ते. अल्कोहोल येवो, अमाइन येवो, समोर दिसेल त्याला जाऊन चिकटतं. म्हणूनच तर कामाचं. आणि दुसऱ्या टोकाला दुहेरी बंध. शाळेत होतं बघ..."

"असंतृप्त!" शुभाला मराठी शाळेतला शब्द आठवला.

"तोच. ते टोक नव्या पदार्थात शाबूत राहतं. मग ते उघडायचं, की एकाला एक लागून लांब साखळी होते. रंग म्हण, चिकटवायचा डिंक म्हण. मोतीबिंदूनंतर तुझ्या सासूबाईंना मऊ लेन्स बसवली ना, तीही याच घराण्यातली."

शुभा फुटपाथवर थांबली. सासूबाई आता पोथी स्वतः वाचतात. तिनं मनातल्या मनात हात जोडले. देवीला की त्या बाटलीला, तिलाच कळलं नाही.

"ताई, तुझे उपकार..."

"उपकार राहू दे." रेवतीताईचा आवाज उतरला. दिवाळीनंतर ती रिटायर होणार होती. "इतकी वर्षं त्या भांड्यांनी मला सांभाळलं गं. कधी ओरखडा नाही आला डोळ्याला. वर्षातून एकदा त्यांना नमस्कार करायचा, तोही आता बंद."

वाकोल्याच्या गल्लीच्या तोंडाशी तिनं शुभाचा हात धरला.

"दसरा झाला की शेठकडे तू जा. मी बोलले तर म्हणेल, ही तर निघाली घरी, हिला काय! पाणी तू शिंपडलंस, तूच सांग त्याला. पाणी बंद करा, पूजा बंद करू नका. आणि पुढल्या वर्षी तू कर ती, कोरड्या अक्षतांनी. करशील ना गं?"